महाडचं तळं की रणगाडा?

२० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाचं चवदार तळं इंग्रजीत ‘टँक’ ठरलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९३७ च्या निकालातही तेच. भारतातल्या इंग्रजीत टँक म्हणजे तळं. इतरत्र टाकी किंवा रणगाडा (पहिल्या महायुद्धात गुप्तता राखण्यासाठी या यंत्राला मुद्दाम टाकीचं नाव दिलं होतं). स्पॅनिशचा अनुवादक सवयीने ‘तान्के’ लिहून मोकळा झाला, तर बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह रणगाड्यावर चाल करून गेले असं वाचलं जाईल! त्यापेक्षा ‘एस्तान्के’ बरा: बांधीव काठाचं, साठवल्या पाण्याचं तळं. ‘लागो’ म्हणजे सरोवर. गावतळ्याला तो शब्द अघळपघळ होतो. कोशकार टँकचा एक धागा पोर्तुगीजमार्गे पश्चिम भारतातल्या टाक्यापर्यंत आणतात. तशी दगडात खोदलेली टाकी महाडजवळच्या रायगडावर आहेतच.