जुनी विमापत्रे आणि प्रदूषण-निवारणाचा खर्च

कारखाना, गोदाम किंवा टँकर यांतून विषारी द्रव्य जमिनीत मुरले, तर त्याचा परिणाम त्या दिवसापुरता मर्यादित राहत नाही. विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे निरुपयोगी होते. ते शुद्ध करण्याचा खर्च कोणी सोसावा? ज्याने प्रदूषण केले त्याने, असे कायद्याचे स्पष्ट उत्तर आहे. परंतु खर्च वसूल करण्याची वेळ येते तेव्हा कारखाना बंद पडलेला असतो, मालक बदललेला असतो, किंवा त्याच्यापाशी पैसा उरलेला नसतो. भोपाळची दुर्घटना डिसेंबर १९८४ मध्ये घडली. तेथील बंद कारखान्याच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा पिथमपूर येथे हलविण्यास जानेवारी २०२५ उजाडला आणि तो खर्च अखेर सरकारी तिजोरीतून करावा लागला.

अशा वेळी जुने विमापत्र, म्हणजेच पॉलिसी, उपयोगी पडू शकते. कारखाना नाहीसा झाला तरी त्याचा विमा उतरविणारी कंपनी बहुधा टिकून असते.

विमापत्राचे दोन प्रकार

दायित्वाच्या विम्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात हानी ज्या वर्षी घडली, त्या वर्षीचे विमापत्र जबाबदार धरले जाते. मागणी वीस वर्षांनी झाली तरी चालते. दुसऱ्या प्रकारात मागणी ज्या वर्षी नोंदविली जाते, त्या वर्षीचे विमापत्र लागू होते. जुन्या कागदाला विशेष मोल आहे ते पहिल्या प्रकारात. आपल्या देशात सार्वजनिक दायित्वाची विमापत्रे बहुधा दुसऱ्या प्रकारची असतात. म्हणून विमापत्र हाती येताच त्यातील मुदत, पूर्वलक्षी तारीख आणि प्रदूषणासंबंधीचे अपवाद प्रथम वाचले पाहिजेत.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेत १९८० साली विषारी जागांच्या शुद्धीकरणाचा कायदा झाला आणि जुन्या प्रदूषणाचा खर्च कारखानदारांवर, तसेच काही नगरपालिकांवरही येऊन पडला. तेव्हा अनेकांनी पन्नाशी-साठीच्या दशकांतील विमापत्रे शोधून काढली. १९७० नंतरच्या काळात विमा कंपन्यांनी प्रदूषणविषयक अपवाद घालण्यास आरंभ केला आणि १९८६ च्या सुमारास ते जवळजवळ संपूर्ण केले. त्यापूर्वीची विमापत्रे मात्र उदार शब्दांत लिहिलेली होती. मूळ प्रत हरवली असल्यास हप्त्याच्या पावत्या, खतावण्या, कर्जाचे कागद आणि दलालांची दप्तरे यांवरून विमा सिद्ध करण्याचा प्रयत्न झाला. पुढे हा एक स्वतंत्र व्यवसायच बनला.

आपल्याकडेही जुन्या विमा कंपनीचे नाव आज आढळत नाही, एवढ्यावरून निराश होण्याचे कारण नाही. १९७२ च्या राष्ट्रीयीकरण कायद्यानुसार १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याच्या १०७ संस्थांचा व्यवसाय नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार कंपन्यांत एकवटला. जुन्या कंपनीचा माग तेथून काढता येतो.

आपल्याकडील कायदे

भोपाळच्या अनुभवानंतर सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ अमलात आला. निर्धारित मात्रेइतके किंवा त्याहून अधिक घातक द्रव्य हाताळणाऱ्या मालकाने आधी विमा उतरविलाच पाहिजे. ‘हाताळणे’ या संज्ञेत साठवण आणि वाहनातून होणारी वाहतूकही येते. बाधित व्यक्तीला मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघातापासून पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा असतो. शक्यतो तीन महिन्यांत त्याचा निकाल लागावा, अशी अपेक्षा आहे.

या साहाय्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. मूळ अनुसूचीत मृत्यूसाठी २५,००० रुपये आणि मालमत्तेच्या हानीसाठी जास्तीत जास्त ६,००० रुपये ठरविले होते. ही तातडीची मदत होय. एवढ्यात विहीर शुद्ध होत नाही. विहीर, जमीन वा ओढा पूर्ववत करण्याच्या खर्चासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० अन्वये दाद मागता येते. तेथेही मुदत साधारणतः पाच वर्षांची आहे.

राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांमुळे नासल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली शुद्धीकरणाचा खर्च कारखानदारांवर लादला. तरीही वसुली रखडली आणि २०११ साली ३७ कोटी ३८ लाखांहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. निकाल मिळणे आणि पैसा मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर कमी करावयाचे, तर मालकाचा विमा कोठे होता हे आधीच ठाऊक असावे लागते.

बाजारहत्नूर परिसरासाठी

आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर परिसरात उगम पावणारी कडेम नदी कुंटाला धबधब्यावरून पुढे जाऊन गोदावरीस मिळते. हैदराबाद-नागपूर राष्ट्रीय महामार्ग जवळच्या इच्छोडा, गुडीहत्नूर या गावांवरून जातो. या मार्गावर घातक द्रव्याचा टँकर उलटला, तर ते द्रव्य ओढ्यात उतरून खालच्या गावांच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकते. सीमाभागातील ग्रामस्थांनी हेही ध्यानात ठेवावे की, अपघात तेलंगणाच्या हद्दीत घडल्यास अर्ज आदिलाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि हरित न्यायाधिकरणाच्या चेन्नई पीठाकडे करावा लागतो. किनवट तालुक्यात घडल्यास नांदेडचे जिल्हाधिकारी व पुणे पीठ यांच्याकडे.

यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

१. घातक द्रव्याचा साठा करणाऱ्याला ना-हरकत दाखला देताना पंचायतीने त्याच्या विमापत्राची प्रत घ्यावी. कंपनीचे नाव, क्रमांक व मुदत यांची नोंद ठेवावी आणि दरवर्षी नूतनीकरणाची प्रत मागावी.

२. मुदत संपलेली विमापत्रे निरुपयोगी समजून रद्दीत घालू नयेत. व्यवसाय बंद झाल्यावरही ती जपावीत.

३. अपघात होताच वाहनाचा क्रमांक व विम्याचा तपशील टिपावा, पंचनामा करवून घ्यावा आणि पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत तपासून घ्यावेत.

४. पाणी आणणे, औषधोपचार, जनावरांची व पिकांची हानी यांचा हिशेब पावत्यांसह ठेवावा.

५. अर्जाची मुदत टळू देऊ नये. अर्ज लिहिण्याच्या कामी शिक्षकांनी ग्रामस्थांना साहाय्य करावे.

गावाचे पाणी निर्मळ राखणे हेच प्रथम कर्तव्य होय. परंतु ते दुसऱ्याच्या हयगयीने बिघडलेच, तर त्याचा भार गरीब शेतकऱ्यावर पडू नये. त्यासाठी पंचायतीच्या दप्तरातील एखादा जुना कागदही मोलाचा आधार ठरू शकेल.