घोणशीचा फोटो दुरूनच

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी परिसरात रात्री उसाला दारे धरताना घोणस दिसली, की हात मोबाइलकडे जातो. फ्लॅशचा उजेड पोचावा म्हणून माणूस पुढे सरकतो आणि तिच्या टप्प्यात येतो. सापाला पापण्या नसतात. झगझगीत उजेडापुढे त्याला डोळे मिटता येत नाहीत.

फोटोचे रंग भडक केले, की घोणस अजगर वाटू शकते. ओळख पटवायला मूळ फोटोच ठेवावा.

दंशानंतर मात्र फोटोसाठी थांबू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर प्रतिसर्पविषाचे एकच इंजेक्शन चालते. लक्षणे आणि २० मिनिटांत रक्त गोठते का, हे पाहून डॉक्टर उपचार ठरवतात. चावलेला हात-पाय न हलवता थेट रुग्णालय गाठावे.