जेथे मोटारीचा भोंगा पोचत नाही

दिवाळीच्या पाडव्याला अनेक घरी नवी सायकल येते. हँडलला झेंडूची माळ बांधली जाते, पुढच्या चाकाला हळदकुंकू लागते, शेजारीपाजारी पेढे जातात. एवढा सोहळा आटोपून चिरंजीव किंवा कन्यारत्न सीटवर बसले, की स्वयंपाकघरातून पहिली सूचना येते : “हे बघ, मोठ्या रस्त्यावर न्यायची नाही हं!” मग ती बिचारी सायकल अंगणातल्या तुळशीवृंदावनाभोवती आणि गल्लीच्या दोन टोकांमध्ये फिरू लागते. दोन महिन्यांत तिच्यावर धूळ बसते, आणि वडीलमंडळी म्हणतात, “आजकालच्या मुलांना व्यायामाची आवडच नाही!”

वाचकहो, दोष मुलांचा नाही आणि आईच्या भीतीचाही नाही. कोराडीचेच उदाहरण घ्या. नागपूरच्या उत्तरेस, सावनेरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव. जगदंबेच्या दर्शनाला नवरात्रात येथे माणसांचा पूर लोटतो. औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच येथे 1974 साली सुरू झाला आणि आज प्रत्येकी 660 मेगावॅटचे तीन प्रचंड संच येथे आहेत. तुमच्याआमच्या घरच्या आकाशकंदिलातील दिव्यालाही त्या विजेचा हातभार असेल. परंतु जेथे वीज केंद्र, तेथे राख वाहणारे ट्रक. जेथे महामार्ग, तेथे भरधाव मोटारी. अशा रस्त्यावर दहा वर्षांच्या मुलाला सायकलवर कोण धाडील?

मग मुलाने सायकल चालवावयाची तरी कोठे? याचे उत्तर शोधावयास निघाले, की प्रथम थोडे लांब, थेट अमेरिकेपर्यंत जावे लागते.

तेलसम्राटाच्या मुलाचा छंद

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, समुद्राला लागून डोंगराळ असे अकेडिया राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी 1913 पासून 1940 पर्यंत, म्हणजे तब्बल सत्तावीस वर्षे, स्वखर्चाने रस्ते बांधवून घेतले. एकूण लांबी 57 मैल. नियम एकच : या रस्त्यांवर मोटार येता कामा नये. घोडा यावा, बग्गी यावी, पायी माणूस यावा. मोटार मात्र नाही. गंमत अशी, की या गृहस्थांच्या वडिलांची अफाट संपत्ती स्टँडर्ड ऑइल कंपनीची, म्हणजे खनिज तेलाची! ज्या तेलावर जगाच्या मोटारी धावल्या, त्याच तेलाच्या पैशातून मोटारींना मज्जाव करणारे रस्ते निर्माण झाले.

हे रस्ते कसे बांधले, तेही पाहण्याजोगे आहे. रुंदी सुमारे सोळा फूट. खाली फोडलेल्या दगडाचे तीन थर. मध्यभागी किंचित उंचवटा, म्हणजे पावसाचे पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत निघून जावे. डोंगर फोडून सरळ चढ घेण्याऐवजी रस्ता डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत वर जातो. उतारावर गाडी घसरू नये म्हणून कडेला ओबडधोबड मोठे दगड रांगेत बसवलेले आहेत; लोक त्यांना कौतुकाने ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात. घोड्यांसाठी केलेले हे मंद चढ पुढे सायकलींना अगदी सोयीचे ठरले, आणि आज या रस्त्यांपैकी बहुतेक भागावर आबालवृद्ध सायकली चालवतात. तेथे सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यावयाची, असा दंडक आहे.

फाटक लावले की रस्ता झाला

“आपल्याकडे रॉकफेलर कोठून आणावा?” असे कोणी विचारील. आणावयास नको. बहुतेक ठिकाणी रस्ता आधीच असतो, फक्त त्याला फाटक नसते.

कोलंबिया देशाच्या बोगोटा या राजधानीत 1974 पासून दर रविवारी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत मोठमोठे रस्ते मोटारींना बंद करतात. आज ही लांबी शंभर किलोमीटरहून अधिक भरते. नवा रस्ता एक वीतभरही बांधला नाही. अडथळे लावले आणि स्वयंसेवक उभे केले, इतकेच. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील रस्ते 2018 साली खासगी मोटारींना कायमचे बंद झाले. हॉलंड देश सायकलींचा म्हणून आपण त्याचे गोडवे गातो. पण तेथेही 1971 या एका वर्षात चारशेहून अधिक मुले रस्त्यांवर मृत्युमुखी पडली होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांनी चळवळ केली, आणि त्यानंतरच सायकलींना स्वतंत्र वाटा मिळत गेल्या.

आपल्या महाराष्ट्रातही मोटारबंदीचे उदाहरण आहे. माथेरानला जाणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे पायी, घोड्यावर किंवा गाडीने जावे. तरी लोक तेथे जातातच. किंबहुना त्या शांततेसाठीच जातात. मुंबईकरांना बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान माहीत आहे. शंभर चौरस किलोमीटरहून मोठ्या या अरण्यात प्रवेशद्वाराशी भाड्याने सायकल घेऊन कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चढउताराच्या रस्त्याने जाण्याची मौज अनेकांनी लुटली आहे. मात्र त्या रस्त्यावर उद्यानाची वाहने धावतात, तेव्हा ती वाट पूर्णपणे मोकळी म्हणता येणार नाही.

नागपूरच्या पश्चिमेचे रान

नागपूर सपाट शहर, असा बाहेरच्यांचा समज असतो. पण शहराच्या पश्चिम अंगाला दख्खनच्या काळ्या कातळाची सीमा येऊन भिडते. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, अंबाझरीच्या पलीकडचे माळ ही तिचीच चिन्हे. उंची फार नाही, पण सायकलवर बसले की प्रत्येक टेकडी पायांना आपली ओळख करून देते.

अंबाझरी तलावाला लागून सुमारे साडेसातशे हेक्टरांचे राखीव जंगल आहे. तेथील जैवविविधता उद्यानात आपली मोटार फाटकाबाहेर ठेवावी आणि आतल्या कच्च्या वाटांवर पायी किंवा सायकलने फिरावे. गवताळ माळ, मधूनच साग, बाभूळ, पळस. टिटवीची तक्रार, तारेवर बसलेला निळकंठ, दूर कोठेतरी मोराची केका. शहर एवढे जवळ, तरी घटकाभर शहराचा विसर पडतो.

कोराडीकरांना याहून जवळचे रान म्हणजे गोरेवाडा. नागपूरला पाणी पुरवणारा जुना तलाव आणि त्याभोवतीचे जंगल. सुमारे एकोणीसशे हेक्टरांच्या या परिसरात 26 जानेवारी 2021 रोजी आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानाचे उद्घाटन झाले. वाघ, अस्वल, बिबट्या यांच्या सफारीत बसमधूनच हिंडावे लागते, आणि ते योग्यच आहे. तेथे सायकलचा हट्ट धरणे म्हणजे अस्वलाला आमंत्रण! परंतु तलावाच्या बाजूने, सफारीच्या कुंपणापासून दूर, वनखात्याला सुरक्षित वाटेल अशी एखादी मुरमाची वाट रविवारी सकाळी केवळ सायकलींसाठी राखून ठेवता आली, तर कोराडी, मानकापूर, काटोल रोड या बाजूच्या किती मुलांची सोय होईल! खर्च किती? एक फाटक, एक पहारेकरी आणि वेळेची पाटी.

रानाचेही काही ऐकावे

मात्र एक सावधगिरी हवी. ‘सायकलींचा मार्ग’ म्हणून सुरुवात करावयाची, मग त्यावर डांबर ओतावयाचे, मग दिवे, मग खाद्यपदार्थांच्या गाड्या, आणि शेवटी पाहुण्यांच्या मोटारी, असा क्रम आपण अनेक ठिकाणी पाहिला आहे. मुरमाची वाट मुरमाचीच राहू द्यावी. डांबराने मोटारींचा मोह वाढतो आणि पावसाचे पाणी जमिनीत न मुरता वाहून जाते. बाहेरून आणलेल्या मातीबरोबर व गाड्यांच्या चाकांबरोबर गाजरगवताचे बीही रानात शिरते.

सायकल निर्दोष आहे असेही समजू नये. मोटार दुरून आवाज करीत येते, सायकल मुकाट्याने आणि वेगाने येते. त्यामुळे वळणापलीकडचा रोही किंवा ससा अधिक दचकतो. म्हणून वळणावर वेग कमी करावा, घंटी हलकेच वाजवावी, आणि आखलेली वाट सोडून झुडपात घुसू नये.

निघण्यापूर्वी

विदर्भात दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात काळी माती चाकांना चिकटून सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि मेच्या उन्हाबद्दल नागपूरकरांना आम्ही काय सांगावे! फाटकाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. अंधार असताना आणि सांजवेळी रानात राहू नये. बिबट्याच्या फिरण्याची वेळ ती आहे. लहान मुलांना रांगेत मध्ये ठेवावे, पुढे एक मोठे माणूस, मागे एक.

निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक तपासावेत, साखळीला तेल द्यावे. मुरमावर टायर अगदी टणक भरू नयेत. थोडी कमी हवा असली की पकड चांगली बसते. उतारावर केवळ पुढचा ब्रेक एकदम दाबला, तर सायकल थांबते आणि स्वार पुढे जातो. तेव्हा आधी मागचा, मग पुढचा हलक्या हाताने. चढावर दम लागला तर खुशाल उतरून ढकलत न्यावी, त्यात कमीपणा नाही. पाण्याची बाटली आणि दिवाळीचा चिवडा बरोबर असावा, पण त्याची पिशवी परत घरी यावी.

आणि परतताना फाटकावरच्या अधिकाऱ्याला एक अर्ज अवश्य द्यावा : ‘आम्ही इतकी माणसे आलो, सायकलीवर आलो, मुलांसह आलो; ही वाट मोटारींपासून अशीच राखावी.’ हॉलंडातील आईबापांना मोर्चे काढावे लागले. आपल्याला एका कागदावर, शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन, सुरुवात करता येईल. सुट्टी आहे, थंडी पडू लागली आहे, आणि मुलांचे पाय पेडलवर केव्हाचे तयार आहेत.