जवारी काढणाऱ्या हातांचं गाव

मिरजेत तंबोऱ्याचा धंदा उभा राहिला तो मुळात हत्यारांची मागणी आटल्यामुळे. इंग्रजी अमल बसला आणि तलवारींना पाणी-धार देणाऱ्या शिकलगारांच्या हाताला काम उरेना. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्ती करता करता तंबोरे घडवू लागले. गाण्याचे शौकीन पटवर्धन संस्थानिक गावातच होते, हे त्यांचं नशीब.

पण नुसत्या आश्रयावर धंदा पावणेदोनशे वर्षं टिकत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा आणि तूनचं लाकूड पैसे मोजले की कुणालाही मिळतं. मिळत नाही ती जवारी, म्हणजे तारेला येणारा झणकार. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनं असा उतरता घासायचा, की कंपणारी तार त्याला जेमतेम चाटून जाईल. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. एका जागी तार झणकारते, केसभर पुढे गेलं की मुकी होते. हे मोजपट्टीनं साधत नाही, कारागीर कानानं ठरवतो. पात्यावरून नेमका कणभर धातू काढायची शिकलगारांची सवय इथे कामी आली असावी, असं मला वाटतं.

व्यवहाराची खरी गंमत पुढे आहे. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि जवारी उतरते. गवयाला पुन्हा कारागिराकडे यावंच लागतं, आणि त्याचा आवाज ओळखणाऱ्याच कारागिराकडे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, १९३७ साली गेले तोवर गावाचं नाव देशभर झालं होतं. असलं चोखंदळ गिऱ्हाईक दारात असणं ही कारागिराला शाळाच.

पुढे इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग मोबाइलमधलं ॲप. रियाजाला ती सोय झाली, मैफलीत मात्र गवयाच्या मागे अजून भोपळ्याचाच तंबोरा लागतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं, नावाची नक्कल थांबेल. पण गिऱ्हाईक वाद्याची किंमत मुकाट्यानं देतं आणि जवारीच्या मजुरीवर घासाघीस करतं, कारण त्याला दिसते फक्त थोड्या वेळाची घासघास. कान तयार व्हायला लागलेली वर्षं कुठल्या बिलात लिहायची? कारागिरांच्या मुलांनी दुसऱ्या नोकऱ्या धरल्या तर दोष त्यांना कसा द्यायचा?