रात्री दहाचं इंजेक्शन

दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि मी माहेरी, हिवरखेडलाच थांबले होते. रात्रीचे दहा वाजायला चार मिनिटं होती. गल्लीतली सिस्टर वहिनीसाठी सुई भरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. ते घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे, हे भावाला नेमकं तेव्हा आठवलं. मग मोबाइल समोर ठेवला. इंजेक्शन अकोल्याहून बर्फाच्या थर्मासमधून आणलेलं. घरच्या फ्रिजवर भरवसा नव्हता, वीज केव्हा जाईल सांगता येत नाही.

दहाच का? आययूआयसाठी, म्हणजे भावाचे शुक्रजंतू नळीनं वहिनीच्या गर्भाशयात सोडायला, परवा सकाळी दहाला बोलावलं होतं. या इंजेक्शननंतर साधारण ३६ ते ४० तासांत अंडं बाहेर पडतं. डॉक्टर आपल्या सकाळपासून ३६ तास मागं मोजतात आणि ती वेळ बरोबर गावाच्या निजानिजेवर येते. अंडं फार तर दिवसभर टिकतं. प्रयोगशाळेत धुतलेल्या शुक्रजंतूंनाही फार धीर नसतो.

मोजणी खरं तर पाळीच्या दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होते. आधी सोनोग्राफी, मग पाच दिवस गोळ्या, मग दहाव्या दिवसापासून पुन्हा सोनोग्राफी. अंड्याची पिशवी रोज दीड-दोन मिलिमीटर वाढते. १८-२० झाली की इंजेक्शन. १६ असली तर ‘परवा या’. हे ‘परवा या’ म्हणायला सोपं. आमच्याकडून आधी अकोट, मग अकोला, म्हणजे एका सोनोग्राफीला अख्खा दिवस. मागच्या महिन्यात सोयाबीनची सोंगणी लागली होती, वहिनीची एक खेप चुकली. पुढच्या वेळी पडद्यावर पिशवी नव्हतीच, फुटून गेलेली. महिना वाया.

आईला यातलं किती कळतंय अशी मला शंका होती. ती म्हणाली, “म्हंजे गाईसारखंच न वो! सकाळी माजावर आली त संध्याकाळी भरवाची, संध्याकाळी आली त सकाळी.” मी वहिनीकडे पाहिलं. ती हसली, सुटले. पण आई चुकली नव्हती. गाईचा माज दिसतो तरी. बाईचं आत चाललेलं बाहेर दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी. १९७८ साली जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या वेळी स्टेप्टो आणि एडवर्ड्‌स दर तीन तासांनी बाईची लघवी तपासून अंड्याची वेळ ओळखत. म्हणजे घड्याळ तिच्या शरीराचं आणि जागरण डॉक्टरांचं. इंजेक्शनानं ते उलटवलं.

बुधवारी सकाळी सहालाच निघालो. गांधीग्रामचा पूर्णेवरचा जुना पूल ऑक्टोबरातच धोकादायक ठरून बंद झाला होता, त्यामुळे फेऱ्याचा रस्ता. भावाचा नमुना घरून नेता येत नाही. तासाभरात तो तपासणीच्या टेबलावर हवा. दवाखान्यातल्या त्या कोंदट खोलीत त्याला जावंच लागलं. बाहेर आला तेव्हा कुणाकडेच बघेना. मीही उगाच पर्स उघडून बसले. मग तासभर धुणं चाललं. प्रत्यक्ष काम पाच मिनिटांचं: बारीक नळी, थोडासा द्रव. वहिनी दहा मिनिटं पडून राहिली, नि चप्पल घालून निघाली.

चौदा दिवसांनी पाळी आली. पुढच्या वेळी दहाव्या दिवसाच्या सोनोग्राफीला ती निघाली, तोवर अकोट-अकोला रेल्वे सुरू झाली होती.