झाडे बोडकी का केली जातात?

मृग नक्षत्र जवळ आले की शहरांतील बंगल्यांच्या आवारात कुऱ्हाडीचे घाव ऐकू येऊ लागतात. गुलमोहर, वर्षावृक्ष, कडुनिंब यांच्या फांद्या मधूनच तोडल्या जातात आणि खोड व चार खुंट तेवढे उरतात. ही माणसे झाडांची वैरी असतात काय? मुळीच नाही. पुष्कळांनी ती झाडे स्वतः लावलेली असतात. मी काही घरमालकांना कारण विचारले, तेव्हा बहुतेकांनी भीतीच बोलून दाखवली. वादळात फांदी कौलांवर वा विजेच्या तारेवर पडली तर?

भीती खोटी नाही, पण उपाय उलटा आहे. पाने म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. ते एकाएकी गेले की झाड साठवलेले अन्न खर्चून खुंटांवर धुमाऱ्यांचे झुबके काढते. मूळची फांदी खोडात खोलवर बसलेली असते. धुमाऱ्यांची पकड मात्र वरवरची असते. इकडे उघड्या खुंटात बुरशी शिरून लाकूड कुजू लागते. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही, झाड तिच्याभोवती भिंत घालते, हे अमेरिकन वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात खोडे चिरून दाखवून दिले. फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून काप घेतल्यास ही भिंत नीट उभी राहते. मधेच तोडल्यास ती सोय राहत नाही. काही वर्षांनी धुमारे जड होतात आणि कुजक्या बुडापासून निखळतात. म्हणजे ज्या भीतीने झाड छाटले, तीच आपण वाढवून ठेवतो.

मग हे उमगत का नाही? कारण नुकसान उशिरा येते. तूर्त दिसते ती हिरवीगार पालवी. 'झाड कसे तरारले!' असे म्हणून मालक खूष होतो. शिवाय आपण काम ढिगावरून मोजतो. चारच फांद्या निवडून काढणारा कुशल माणूस महाग वाटतो. सरपण मजुरीत धरलेले असले, तर तोडणाऱ्यालाही अधिक तोडणेच परवडते.

महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने शहरांत झाड तोडण्यास परवानगी लागते. परंतु करवत कोठे टेकवावी, हे परवानगीचा कागद सांगत नाही. म्हणून छाटणीपूर्वी मालकाने एवढेच विचारावे : नेमकी कोणती फांदी, आणि कशासाठी? वाळलेली, घासणारी, छपरावर आलेली फांदी जरूर काढावी. एका वर्षात चौथाईहून अधिक पाला मात्र उतरवू नये.