‘व्हल्गर’ म्हणजे नेमके काय?

इंग्रजीतील काही शब्द आपण इतके सर्रास वापरतो की त्यांच्यासाठी शब्दकोश उघडावा असे कोणालाच वाटत नाही. ‘व्हल्गर’ हे विशेषण त्यांपैकी एक. सिनेमा व्हल्गर, विनोद व्हल्गर, पोशाख व्हल्गर आणि रागाच्या भरात माणूससुद्धा व्हल्गर! पण याचा अर्थ विचारला तर कोणी ‘अश्लील’ म्हणतो, कोणी ‘ओबडधोबड’, तर कोणी ‘गावंढळ’. निरनिराळ्या गोष्टींवर एकच शिक्का मारला की कोणावर तरी अन्याय होतोच; म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘व्हल्गस’ म्हणजे सामान्य जनता. त्यावरून आलेल्या शब्दांत मुळात निंदा नव्हती. संत जेरोम यांच्या नावाशी निगडित असलेले लॅटिन बायबल ‘व्हल्गेट’ म्हणून ओळखले जाते, ते सर्वत्र प्रचलित म्हणून. आपण शाळेत शिकलो तो व्यवहारी अपूर्णांक इंग्रजीत ‘व्हल्गर फ्रॅक्शन’ असतो. तीन-चतुर्थांशात असभ्य ते काय असणार? माझे गाव कारापूर, डिचोली तालुक्यातले. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती. त्या भाषेत ‘व्हुल्गार’ म्हणजे सर्वसाधारण असाही अर्थ आहे. वनस्पतीचे शास्त्रीय नाव दिल्यावर लोकांतले नाव सांगायचे तर तेथे ‘व्हुल्गारमेंत’ हाच शब्द येतो.

इंग्रजीत मात्र हा शब्द घसरत गेला. सामान्यांचे ते हलके, असे प्रतिष्ठितांनी ठरविले आणि ‘लोकांचा’ या अर्थाचा शब्द ‘हीन अभिरुचीचा’ झाला. आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? संस्कृतात ‘प्राकृत जन’ म्हणजे अडाणी माणसे. ‘ग्राम्य’ म्हणजे गावचा. पण काव्यशास्त्रात तो दोष ठरला. कन्नड विभागातील मित्र सांगतील की त्यांच्याकडे ‘ग्राम्य’ म्हणजे बोलीतला शब्द. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ देशी भाषेत आणला. त्यानंतर काही वर्षांतच इटलीत दांते याने लोकभाषेच्या थोरवीवर ग्रंथ लिहिला. त्याच्या लॅटिन नावातही हाच ‘व्हल्गर’ आहे.

आता वापराकडे वळू. ‘ऑब्सीन’ म्हणजे अश्लील. तेथे कामवासना चाळवण्याचा प्रश्न येतो. ‘क्रूड’ म्हणजे कच्चे, ओबडधोबड. विनोद क्रूड असतो, तसेच खनिज तेलही. ‘रस्टिक’ म्हणजे खेडवळ; त्यात साधेपणाचे कौतुकही असू शकते. ‘व्हल्गर’ म्हणजे अभिरुचिहीन: जेथे तारतम्य सुटले आणि दुसऱ्याच्या भावनेची पर्वा राहिली नाही, ते. आपल्या मम्मटानेही ‘काव्यप्रकाशा’त अश्लील आणि ग्राम्य हे दोन दोष वेगळे मोजले आहेत. हा फरक केवळ पंडिती नव्हे. समरेश बसू यांच्या ‘प्रजापती’ या बंगाली कादंबरीवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले की व्हल्गर लेखन अश्लील असतेच असे नाही. व्हल्गर लेखनाने किळस येईल, कंटाळाही येईल, पण तेवढ्याने वाचकाची नीती बिघडत नाही. लेखक निर्दोष सुटले. एका विशेषणाच्या अर्थावर माणसाची शिक्षा अवलंबून असू शकते, ती अशी.

कोर्टाबाहेरही या शब्दाने शिक्षा होते. एका वक्तृत्व स्पर्धेत आमच्या बाजूचा एक मुलगा बोलत होता. भाषण रंगले, आणि ओघात ‘कुठे’च्या जागी ‘खंय’ आले. परीक्षकांनी शेरा दिला, ‘भाषा व्हल्गर’. तो मुलगा पुन्हा व्यासपीठावर चढलेला मी पाहिला नाही. त्याच्या बोलण्यात ना अश्लीलता होती, ना उर्मटपणा. होती ती घरची बोली. फार तर ‘अप्रमाण’ म्हणता आले असते. परीक्षकांनी दोष म्हणून दाखविले ते त्या मुलाचे गाव होते.

याउलट, लग्नाच्या मांडवात एखादा यजमान आहेराच्या रकमा ध्वनिक्षेपकावरून मोठ्याने वाचून दाखवितो आणि गरीब नातलगाची मान खाली जाते. भाषा शुद्ध, पोशाख भरजरी. तरीही हे प्रदर्शन खऱ्या अर्थाने व्हल्गर. इंग्रजीत श्रीमंतीच्या अशा देखाव्याला हे विशेषण नेहमीच लावतात.

तेव्हा हा शब्द उच्चारण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: मला येथे खटकते आहे ते काय? कोणाचा अवमान, भडकपणा, तारतम्याचा अभाव असेल, तर शब्द खुशाल वापरावा. पण खटकत असेल ती केवळ कोणाची बोली, कोणाचे साधे कपडे किंवा चवथीच्या फुगडीतली थट्टामस्करी, तर शब्द परत घ्यावा. नाही तर ज्या दोषाचे नाव आपण दुसऱ्याला देतो, तो आपल्याच पदरी पडायचा.